पोटातली कडी

सुरूबंदरावर दुपारचा लिलाव सुरू झाला की वैजयंती पावसेचा आवाज वरच्या तिठ्यापर्यंत ऐकू जायचा. पदर कमरेला खोचून ती सुरमईच्या राशीपाशी उभी राहिली, की दापोली-चिपळूणचे व्यापारी टेम्पो तसेच सोडून वाळूत उतरत. तिच्या सासूने हेच काम केलं होतं आणि सासूच्या सासूनेही. मोठ्या बंदरांवर एव्हाना पडद्यावर बोट टेकवून लिलाव होऊ लागले होते. सुरूबंदरावर मात्र अजून माणसाच्या गळ्यावर भाव चढत होता, कारण वैजयंतीसारखा गळा होता.

तो गळाच एका डिसेंबरात फाटला.

हलवा माशाची मोठी रास होती. भाव रंगात आला होता. आकडा पुकारता पुकारता तिच्या तोंडातून नुसती हवा गेली. छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं झालं आणि आंबट पाणी घशाशी आलं. तिने पुन्हा तोंड उघडलं, तर फुटक्या पिपाणीसारखं काहीतरी वाजलं. व्यापारी एकमेकांकडे बघायला लागले. तिची धाकटी जाऊ सुगंधा पाण्याचा तांब्या घेऊन धावली.

"ताई, बसा तुम्ही. मी पुकारते."

"तू?" वैजयंतीला विचारायचं होतं, पण तेवढंही उमटलं नाही. सुगंधाने कसाबसा लिलाव उरकला. रास पडत्या भावात गेली.

"पित्त आहे," सासू म्हणाली. "उपाशीपोटी चहा ढोसतेस." शेजारणी म्हणाल्या, पित्त. दर्यावरून आलेला नवरा हरेश्वर म्हणाला, "पित्तच. मला पण होतं. सोडा पी, ढेकर दे, मोकळी हो." वर्षभर ती हेच करत आली होती. कोकमाचं सार झालं, थंड दूध झालं, मेडिकलमधल्या पुड्या झाल्या.

दापोलीच्या डॉक्टर नाझनीन परकारांनी नाकातून बारीक कॅमेरा घालून तिचा घसा तिलाच पडद्यावर दाखवला. स्वरयंत्राच्या पट्ट्या सुजून लाल झाल्या होत्या.

"झोपेत पोटातलं आम्ल इथवर चढतंय, वैजूताई. तुम्हाला कळतही नाही. मिश्री सोडायची. रात्री लवकर जेवायचं. गोळ्या देते."

गोळ्या घेतल्या. मिश्री निम्म्यावर आणली. आवाज चार दिवस यायचा, आठ दिवस जायचा. सुगंधा रोज दुपारी राशीपाशी उभी राहू लागली, आणि वैजयंती मागे बसून टोपल्या मोजू लागली. तिला रात्री झोप येईना. छातीत जळायचं म्हणून ती उठून ओटीवर येरझारा घालायची, आणि जळायचं थांबलं तरी घालतच राहायची.

शिमग्यानंतर कडी आली.

कंपनीने तिला लांबलचक नाव दिलं होतं, बंदरावर ती कडीच झाली. करंगळीच्या नखाएवढी. तोंडातून नळी घालून ती जठराच्या खाली, लहान आतड्याच्या पहिल्या वळणावर बसवायची. अर्ध्या तासाचं काम, टाका नाही की चिरा नाही. आतड्याच्या हालचालीवरच ती चाले, म्हणून चार्जिंगचीही भानगड नव्हती.

डॉक्टर परकारांनी तिला कागदावर चित्र काढून समजावलं होतं. जठरातलं आम्ल खाली या वळणावर उतरलं, की आतड्याच्या भिंतीला चटका बसतो. मग ती भिंत रक्तात एक संदेश सोडते. तो संदेश दोन ठिकाणी पोचतो. मागे आडवं पडलेलं स्वादुपिंड क्षाराचं पाणी ओतून आम्ल विझवतं, आणि जठर म्हणतं, पुरे झालं, आता आम्ल कमी करतो. कडी एवढंच करते, की चटका बसायच्या आधीच भिंतीला बारीक विजेची टिचकी मारते. आम्ल आलंच नाही तरी भिंतीला वाटतं, आलं. संदेश सुटतो, जठर शांत राहतं, वर चढायला आम्लच उरत नाही. शिवाय कडी शिकणारी आहे. ज्याच्या पोटात आग जास्त, त्याच्यासाठी ती जास्त टिचक्या मारते.

"स्वादुपिंडाला जास्त काम पडेल ना?" वैजयंतीने विचारलं होतं. रोज माशाची पोटं फाडणाऱ्या बाईला पोटातलं गणित परकं नव्हतं.

"चाचण्यांत तरी त्रास दिसला नाही," डॉक्टर म्हणाल्या होत्या. "पण चाचण्या दोन वर्षांच्याच आहेत. हे मी तुम्हाला सांगून ठेवते."

वैजयंतीने ते ऐकलं आणि संमतीच्या कागदावर अंगठा उठवला.

पंधरवड्यात आवाज आला. नुसता आला नाही, तर लग्न होऊन आली होती तेव्हा होता तसा आला. पहिल्या दिवशी ती राशीपाशी उभी राहिली आणि पहिल्या हाकेलाच तिठ्यावरची पोरं माना वळवून बघायला लागली. सुगंधा मुकाट्याने मागे जाऊन टोपल्यांपाशी बसली. तिच्या चेहऱ्याकडे बघायला वैजयंतीला सवड नव्हती.

मग कंपनीची माणसं आली आणि तिची हाक रेकॉर्ड करून घेऊन गेली. "माझा आवाज परत आला. तुमची जळजळ कशाला पोसताय?" हे तिचंच वाक्य, तिच्याच गळ्यातून, बाजारपेठेत, एसटी स्टँडवर, मेडिकलच्या दारात वाजू लागलं. दर्यावरच्या माणसांना पित्ताची काय कमी! आठ-आठ दिवस बोटीवर जागरण, तिखटजाळ कालवण, काळा चहा, तंबाखू. एकेक करत निम्म्या बंदराच्या पोटात कडी बसली. हरेश्वर मात्र टाळाटाळ करत होता.

"पोटात लोखंड घालून दर्यावर कोण जाईल?"

"लोखंड नाही ते. आणि रात्रभर सोडा पिऊन ढेकरा देता, त्याने मला झोप नाही. उद्या येताय माझ्याबरोबर."

तो गेला. बसवून आला. महिन्याभरात म्हणाला, "वैजू, माझं पोट विसरूनच गेलो बघ मी." त्याच्या 'जलकन्या' बोटीवर त्याने त्या हंगामात पहिल्यांदाच रोज तिखट सुकटीचं कालवण रांधून घेतलं.

सव्वा वर्ष असं गेलं. दुसऱ्या पावसाळ्यात, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असताना, वैजयंतीची ब्लाउजं ढिली व्हायला लागली. जेवण तर दुप्पट होत होतं. तहान लागायची, भागायची नाही. संडासात पाण्यावर तेलाचा तवंग दिसायचा, आणि असा वास यायचा की ती दोन-दोन बादल्या पाणी ओतून यायची. एकदा बाजारात उभ्या उभ्या लुगडं खराब झालं. घरी येऊन तिने ते एकटीनेच धुतलं, वाळत घातलं आणि कुणाला काही बोलली नाही. छातीत तर काहीच जळत नव्हतं. जळत नाही म्हणजे बरं आहे, असं ती स्वतःला सांगायची, आणि तरी हात रिकामा म्हणून ठेवायची नाही. भांडी पुन्हा घासायची, अंगण पुन्हा झाडायची. आवाज तेवढा घंटेसारखा होता. तो होता म्हणून बाकीचं तिने पोटात ठेवलं.

बोटी पुन्हा दर्यावर गेल्या. हरेश्वर जाताना पाठीला तेल लावून मागत होता. जाळं ओढून पाठ भरली, म्हणाला. दिवाळी आठवड्यावर आली तेव्हा सुगंधाने तिला मनगटाला धरून दापोलीला नेलं.

"ताई, तुमची हाडं दिसायला लागली. मी काय आंधळी आहे? तुमचा आवाज असू दे तुमच्याकडे. मला तो नको."

डॉक्टर परकारांनी रक्त तपासलं, पोटाचं चित्र काढलं. त्यांचा चेहरा आधीच उतरलेला होता.

"साखर चढली आहे. अन्न पचवणारा रस फार कमी झालाय." त्या थांबल्या. "वैजूताई, काल पलीकडच्या बंदरावरून एका खलाशाला आणलं. पोट असं दुखत होतं की माणूस गुडघे छातीशी घेऊन पडला होता. मोठ्या रुग्णालयात पाठवला, अजून शुद्धीवर नाही. या महिन्यातला तो तिसरा. तिघांच्या पोटात कडी."

"म्हणजे?"

"स्वादुपिंड नुसतं क्षाराचं पाणी देत नाही, मांस-चरबी फोडणारा रसही देतं. कडी त्याला रात्रंदिवस हाका मारतेय. कुणाचं हळूहळू थकतं, तुमच्यासारखं. कुणाच्या बारीक नळ्यांत रस घट्ट होऊन तुंबतो. बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की तो रस जिथे आहे तिथलंच मांस पचवायला लागतो."

"स्वतःलाच खातं?"

"हो. आणि बोटीवर जागरण, तंबाखू, अवेळी खाणं. तिथे आग जास्त, म्हणून तिथे कडी सगळ्यात जास्त शिकली. पूर्वी जळजळ झाली की माणूस हात आखडता घ्यायचा. आता जळतच नाही, तर कळणार कसं? पहिली खूण म्हणून पाठच दुखते, आणि पाठ काय, सगळ्यांचीच दुखते."

हरेश्वरच्या पाठीला लावलेल्या तेलाचा वास आपल्या हाताला अजून आहे, असं वैजयंतीला वाटलं.

"कंपनीला कळवलं?"

"तिन्ही वेळा. समिती नेमतो म्हणाले. पंधरा दिवसांनी बैठक." डॉक्टरांनी कडीशी जोडलेला टॅबलेट उचलला. "तुमची आत्ता इथेच बंद करते."

"थांबा." वैजयंतीने पोटावर हात ठेवला. "बंद केली की आवाज जाईल ना? मागे तपासणीला बंद केली होती तर दुपारच्या आत घसा धरला होता."

"जाईल. दाबलेलं आम्ल उसळी मारून येईल."

"मग आज नको. उद्या करा."

"ताई, तुमच्या स्वादुपिंडात उरलंय किती ते मी तुम्हाला आत्ता दाखवलं. एकेक दिवस..."

"दर्यावर आमच्या बंदराच्या पस्तीस-चाळीस बोटी आहेत. त्यात निम्म्या पोटांत कडी आहे, ती माझ्या आवाजाने गेली. तुमचा मेसेज तिथे पोचत नाही, आणि पोचला तरी कोण ऐकतंय? लिलावाचा भाव सोडून मासा अर्धा टाकून परत या, हे त्यांना कागद सांगेल?" ती उठून उभी राहिली होती. "तिथे बसून बंद कशी करायची, तेवढं सांगा."

डॉक्टरांनी टॅबलेट टेबलावर आपटल्यासारखा ठेवला. रागावल्या होत्या, हे उघड होतं. मग म्हणाल्या, "लोहचुंबक. मोठं हवं. उजव्या बरगड्यांच्या खाली, मिनिटभर दाबून धरायचं. कडी झोपते."

"बोटीवर चुंबक?"

सुगंधा म्हणाली, "गाण्याचा डबा असतो ना प्रत्येक बोटीवर? त्याच्या स्पीकरमागे असतं. आमच्या पोराने फोडून काढलं होतं."

परतीच्या उतारावर रिक्षा वळणं घेत होती आणि वैजयंती सीटच्या कडेवर बसली होती, जणू तसं बसल्याने रिक्षा जास्त पळेल. मच्छीमार सोसायटीच्या कचेरीत वायरलेस सांभाळणारे इकबालभाई चहा पीत होते. तिने त्यांच्या हातातला माइक घेतला तेव्हा ते नुसते बघत राहिले.

"सुरूबंदरच्या सगळ्या बोटींनी ऐका. मी वैजयंती बोलतेय."

लिलावाचा आवाज. पहिल्या हाकेला बोट हाकणाऱ्या पाच-सहा तांडेलांनी उत्तर दिलं, कुणी चेष्टेने भाव विचारला. तिने सांगितलं. कडी, चुंबक, बरगड्यांखाली मिनिटभर. पाठ किंवा पोट दुखत असेल त्याने जाळं आवरून घरी यायचं. एकदा सांगितलं, मग दर थोड्या वेळाने पुन्हा, एकेका बोटीचं नाव घेऊन.

"वैनी, तूच बसवायला लावलीस," कुणीतरी म्हणालं.

"मीच लावली. म्हणून मीच सांगतेय बंद करायला."

"कंपनी काय म्हणते?"

"कंपनी दर्यावर नाही."

काहींनी ऐकलं. काहींनी हसून सोडून दिलं. स्पीकर फोडायचा म्हणजे गाणी बंद, हेच एकाचं दुःख. आणि 'जलकन्या' उत्तरच देत नव्हती. दुपार कलली तेव्हा कुठे हरेश्वरचा आवाज आला, लांबून, खरखरत.

"काय लावलंयस मघापासून? सगळा दर्या हसतोय."

"तुमची पाठ कशी आहे?"

"पाठ आहे जागेवर. पापलेट लागलाय, वैजू. असा तीन वर्षांत लागला नाही. दोन दिवसांनी येतो."

"आत्ता वळा."

"वेडी झालीस? खलाशांना काय सांगू, बायकोने बोलावलं म्हणून?"

"दुखतंय की नाही ते सांगा."

पलीकडे नुसती खरखर. तो खोटं बोलायच्या आधी असाच थांबायचा.

"जाळं ओढून भरलीय. बंद करतो आता."

"थांब!" ती ओरडली. वीस वर्षांत त्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. इकबालभाईंनी कप खाली ठेवला. "थांब, ऐक. माझी साखर चढलीय. माझं अंग निम्मं झालंय, तू पावसाळाभर घरी होतास तरी तुला कळू दिलं नाही. मी खाते ते पचत नाही. नुसतं तेल जातं. बाजारात, उभ्या उभ्या, लुगड्यात गेलं माझं. हो, ऐका सगळ्यांनी! हसायचं त्याने हसा. या वैजयंतीचं लुगडं भरबाजारात भरलं, आणि तिने ते लपवलं, का तर आवाज जाईल म्हणून. माझ्या पोटात जे चाललंय तेच तुमच्या पोटात चाललंय. मला जळलं असतं तर मी थांबले असते. जळत नाही, म्हणूनच मरायची पाळी येते."

मग एक म्हातारा तांडेल खाकरला.

"वैनी, आमचा डबा फोडला. चुंबक लावलं. मी पण, माझा पोरगा पण."

त्याच्यामागून दुसरा, मग तिसरा. 'जलकन्या' तेवढी गप्प. वैजयंती पुन्हा पुन्हा तिचं नाव पुकारत राहिली. बऱ्याच वेळाने आवाज आला तो हरेश्वरचा नव्हता, त्याच्या खलाशाचा होता.

"काकी, तांडेल आडवे झालेत. सकाळपासून पोट धरून होते, सांगू नका म्हणाले. चुंबक लावलंय आम्ही. बोट वळवली."

तिन्हीसांजेला 'जलकन्या' धक्क्याला लागली. हरेश्वरला पाटावर घालून खाली उतरवलं. गुडघे छातीशी, कपाळावर घाम. रुग्णवाहिकेत वैजयंती त्याच्या पायाशी बसली. जाण्याआधी, रुग्णवाहिका घेऊन दापोलीहून आलेल्या डॉक्टर परकार दारात आल्या, त्यांनी टॅबलेट तिच्या पोटाजवळ धरला आणि बटण दाबलं. मध्यरात्रीच्या आत, मोठ्या रुग्णालयाच्या वाटेवरच, तिच्या छातीत आग पेटली. ती पदर तोंडाशी धरून बसून राहिली.

हरेश्वर वाचला. स्वादुपिंडाचा एक तुकडा मेला होता, तो काढावा लागला. सुरूबंदराचे आणखी दोघे वेळेवर परत आल्यामुळे वाचले. पलीकडच्या बंदरावरचा तो खलाशी मात्र गेला. डॉक्टर परकारांनी सगळी कागदपत्रं बाहेर दिली, तेव्हा कडीची विक्री थांबली. समितीची बैठक त्यानंतर झाली. वैजयंतीने डॉक्टरांना एकदा विचारलं, त्या एका दिवसाने माझं किती गेलं? त्या म्हणाल्या, ते कुणालाच सांगता येणार नाही. तिने पुन्हा विचारलं नाही. आता ती दोन वेळा सुई टोचून घेत होती, आणि जेवताना पहिल्या घासाबरोबर पाचक रसाची कॅप्सूल गिळत होती. सुगंधा बंदरावर लिलाव पुकारत होती. पहिल्या आठवड्यात अडखळली, मग तिची तिला लय सापडली.

हरेश्वर रुग्णालयात बरेच दिवस होता. वैजयंती पेज भरवायची, तो खायचा, पण तिच्याकडे बघायचा नाही. खलाशी भेटायला आले की त्यांच्याशी पापलेटबद्दल बोलायचा. ती गेली की नर्सला विचारायचा, बाई कुठे गेली. घरी सोडायच्या आदल्या दिवशी ती त्याचे कपडे पिशवीत भरत होती, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला,

"सगळ्या दर्याला सांगितलंस."

तिचे हात थांबले.

"सगळ्या दर्याला सांगायच्या आधी मला का नाही सांगितलंस? मी घरात होतो ना. पावसाळाभर."

ती पलंगाच्या कडेला, त्याच्या पाठीशी जाऊन बसली. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण घशातून फक्त फाटकी हवा आली. तिने घोट गिळला, पुन्हा प्रयत्न केला. हरेश्वर वैतागला, मग तिच्या बाजूच्या कुशीवर वळला, दुखऱ्या पोटाला हाताने आधार देत पुढे वाकला, आणि त्याने कान तिच्या तोंडाशी आणला.

"तुम्ही कडी काढायला लावली असती," ती कुजबुजली. "मला आवाज हवा होता. तुमच्यापेक्षा, माझ्यापेक्षाही."

तो तसाच वाकून राहिला. तिला वाटलं, आता हा मागे सरकेल. पण तो सरकला नाही.

"आणि आता?" त्याने विचारलं.

"आता असंच," ती म्हणाली. "जवळ येऊन ऐकायचं."